मालवण जिंकलो

बाबा मुंबईहून कायमचे परत आले तेव्हा मी आठवीत होते. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, आणि उजव्या पायाला तीन बोटं कमी. गोदीत माल उतरवताना पेटी पायावर पडली होती. आमचं घर तेव्हा अर्धंच होतं. चिऱ्याच्या भिंती कमरेपर्यंत येऊन थांबलेल्या आणि वर झावळांचा कूड. बाबा मुंबईत होते तोवर दर मे महिन्यात चिऱ्याचा एखादा थर चढायचा. ते आले आणि घर तिथंच थांबलं. मी बी.ए. होईपर्यंत ते तेवढंच होतं.

आई जवळच्या कट्टा गावातल्या काजू कारखान्यात बिया फोडायला जात होतीच. बाबाही तिथंच लागले. पोती उचलायची, मोठ्या काट्यावर चढवायची, उतरवायची. काजूच्या सालीत काळं तेल असतं, आमच्याकडे त्याला डीक म्हणतात. तो कातडीला लागला की जाळतो. जळलेली कातडी सोलून निघते, काळेपणा निघत नाही. आईबाबांचे हात मनगटापर्यंत काळे होते, जणू दोघांनी एकसारखे हातमोजे घातले होते. राख लावून बघितली, खोबरेल लावून बघितलं. मी तर घासलेटही आणून दिलं होतं. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. हे पुढं कळेल.

घरात आम्ही तीन भावंडं, मी थोरली. पेज, वर सुकं भाजलेलं असलं तर असलं. बाबा अर्ध्या ताटावर हात धुवायचे. आई म्हणायची, "आणि वाइच घेवा." बाबा म्हणायचे, "नको गो. वजन राखूक व्हया."

आम्हाला हसू यायचं. चाळिशी उलटलेला, पाय ओढत चालणारा माणूस, आणि वजन कुणासाठी राखायचं?

त्याचं कारण त्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं. बाबा मुंबईला गोदीच्या संघातून बॉक्सिंग खेळलेले. वजन एक्कावन्न किलोच्या आत, म्हणजे फ्लायवेट. ट्रंकेत एक फाटका बनियन, एकाच हाताचा ग्लोव्ह आणि वर्तमानपत्रातली चार-पाच कात्रणं होती. कात्रणांतले चेहरे इतके पुसलेले की सगळे भाऊ वाटायचे. नाकं मात्र बाबांसारखीच चपटी.

रविवारी सकाळी बाबा फणसाखाली बसायचे आणि आम्हाला त्या माणसांच्या गोष्टी सांगायचे. त्यांची नावं मला कधीच कळली नाहीत. बाबा त्यांना त्यांच्या कामावरून ओळखायचे, आणि मीही त्यांना तशीच ओळखते. मी स्वतः एकही सामना पाहिलेला नाही. तरी त्या काळचे मोठे फ्लायवेट मला माझ्या मामा-काकांपेक्षा जवळून माहीत आहेत.

एक पाववाला होता. बेकरीत कामाला. "पहाटे उठान तो पीठ मळी. तोच त्येचो व्यायाम. खांदे बघलंस तर म्हणतलंस, ह्यो साठ किलोचो. काट्यार चढलो की पन्नास!" पाववाल्याचा ठोसा वरून खाली यायचा, कणकेत मूठ घालावी तसा. समोरचा खाली बसायचाच.

एक तारवटी होता, बोटीवरचा खलाशी. बोट बंदराला लागली तर खेळायचा, नाहीतर नाही. "रिंग हलणा नाय ह्या त्येका पटाच नाय. सारखो पाय बदली. समोरच्याक वाटा, आपणच हलतंव." बाबा उठून तसं करून दाखवायचे. तीन बोटं नसलेल्या पायावर त्यांना तारवटी छान जमायचा.

आणि सगळ्यात मोठा रेल्वेवाला. त्याच्याबद्दल बोलताना बाबा बसूनच बोलायचे, हात मांडीवर.

"रेल्वेवालो मारी नाय. इचारी. एक डावो हात टाकी, हयसर आसस? दुसरो टाकी, आता खंय गेलंस? तुझा उत्तर चुकला, की मग मारी."

मी एकदा विचारलं, "आणि बाबा, तुमका काय म्हणीत?"

"माका? माका मालवण म्हणीत. मुंबैत आमी सगळे मालवणच. 'मालवण, डावो वर घे!' 'मालवण, घंटा झाली!' माझा खरा नाव घंटा मारणाऱ्याकसुद्धा म्हायत नव्हता."

रेल्वेवाल्याशी बाबांची एकदा फायनल झाली होती. तीन फेऱ्या.

"मग?"

"मग काय. हरलंय."

"खराच हरल्यात?"

"निकाल तसो लागलो. तो बरो होतो."

यापलीकडे ते कधी गेले नाहीत. निकाल तसा लागला म्हणजे तसा लागला.

दर बुधवारी शेवटचं पोतं उतरलं की बाबा स्वतः कारखान्याच्या काट्यावर उभे राहायचे आणि मोठ्यानं आकडा सांगायचे. ही सगळ्या कारखान्याची गंमत होती. बायका बिया फोडायच्या, म्हणजे फोडणीच्या शेडमधून ओरडायच्या, "किती?" बाबा सांगायचे, "एक्कावन!" अकरावीत असताना एका बुधवारी मी आईला बोलवायला गेले होते आणि काट्याच्या अगदी शेजारी उभी होते. बाबा चढले. "एक्कावन!" म्हणाले आणि उतरले. मी काटा वाचला होता. सत्तेचाळीस होते. मला वाटलं, केवढा हा पोकळ मोठेपणा. मला त्यांचा राग आला. ते चार किलो आम्हा तीन भावंडांच्या अंगावर होते हे समजायला मला बरीच वर्षं लागली, आणि मी हुशार मुलगी समजली जात होते.

हुशार होतेच. मला ते सांगायला संकोच नाही. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. मी तालुक्याच्या, म्हणजे मालवणच्या कॉलेजात आर्ट्सला गेले, इंग्रजी विषय घेतला, आणि पहिल्या वर्षाला इंग्रजीत पहिली आले. माझ्या मैत्रिणी गावातल्या. शिक्षकांच्या, वकिलांच्या, दुकानदारांच्या मुली. पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, "तुझे वडील काय करतात?" मी म्हटलं, "मुंबईला असतात. गोदीत सुपरवायझर आहेत."

सुपरवायझर हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला, मला माहीत नाही. एकदा आला तो तीन वर्षं राहिला.

कट्ट्याच्या स्टॉपवरून मी रोज बस धरायची. कारखाना स्टॉपच्या मागंच. एकदा दोन मैत्रिणी कट्ट्याला देवळात आल्या होत्या आणि परतताना माझ्याबरोबर बसमध्ये होत्या. खिडकीतून दिसलं, बाबा डोक्यावर पोतं घेऊन उभे आणि एक हात वर करून मला दाखवतायत. बस निघेपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही. मी पुढच्या सीटच्या पाठीवर कोणीतरी कोरलेलं बदामाचं चित्र बघत बसले. एक मैत्रीण म्हणाली, "तो माणूस तुला हात करतोय का गं?" मी म्हटलं, "ड्रायव्हरला करत असेल."

दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनाला क्रीडाशिक्षकांनी पाहुणे ठरवले. एके काळचे बॉक्सिंगचे विजेते, रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलीच्या सासरी बांद्याला महिनाभर राहायला आले होते. मूळचे दक्षिणेकडचे, हिंदी जेमतेम, मराठी अजिबात नाही. भाषण इंग्रजीत करणार आणि कुणीतरी वाक्यावाक्याला मराठी करायचं. इंग्रजीच्या सरांनी माझं नाव दिलं.

मी घरी आले ती उड्या मारत. पत्रिका आईला दाखवली. बाबा पायरीवर पाय धूत होते.

"बॉक्सिंगचो? खंयच्या वजनात?"

मी पत्रिका वाचली. "फ्लायवेट."

बाबांनी तांब्या खाली ठेवला. "रेल्वेचो?"

"व्हय."

त्यांनी पाय पुसले. मग म्हणाले, "बाय, मी इलंय तर चलात?"

आता मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "येवा. पण मागे बसा. आणि कोणाक काय सांगत बसा नको." आणि त्यांच्या हातांकडे बघितलं.

बाबांनीही हातांकडे बघितलं. "हात खिशात घालतंय," म्हणाले.

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पत्रिका घेऊन आत गेले.

मग मी तयारीला लागले. ग्रंथालयातला शब्दकोश काढला. रिंग, रेफरी, राऊंड, सगळ्याला मराठी शब्द शोधले. फ्लायवेटला शब्द मिळेना. फ्लाय म्हणजे माशी, वेट म्हणजे वजन. मी वहीत लिहिलं, 'माशीच्या वजनाचे विजेते'. बाबांना विचारता आलं असतं. घरात फ्लायवेट बसला होता आणि मी कोशात शोधत होते.

संमेलनाच्या दिवशी सभागृह भरलेलं. मी मैत्रिणीची निळी साडी नेसलेली. पाहुणे छोटेखानी, टक्कल, सूट, नाक बाबांसारखं. इतकं बाबांसारखं की मी दचकले. बाबा शेवटच्या रांगेत भिंतीकडे बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही हात खिशात. खुर्चीवर बसून खिशात हात घालणं किती अवघड असतं ते करून बघा. ते सगळा वेळ जरा वाकडे बसले होते.

पाहुण्यांनी सुरुवात केली. ते कुठल्या वजनात खेळत ते सांगितलं. मी ठसक्यात म्हटलं, "पाहुणे हे माशीच्या वजनाचे विजेते आहेत."

मग मागून, कॉमर्सच्या पोरांतून एकजण ओरडला, "खंयच्या माशाचा वजन गो? बांगड्याचा काय मोरयेचा?"

सभागृह कोसळलं. प्राचार्य हसले, पहिल्या रांगेतल्या बायका हसल्या. आमच्याकडे कानावर मासाच आधी पडतो. मी घाईनं म्हटलं, "मासा नव्हे, माशी! घोंघावते ती!" तर आणखी हसू. एकानं तोंडानं घूं-घूं केलं. पाहुण्यांना वाटलं, आपणच काहीतरी गमतीचं बोललो. तेही हसले. माझे कान तापले, साडीच्या निऱ्या सुटतायत असं वाटायला लागलं.

आणि नेमकं तेव्हा पाहुण्यांचा चेहरा बदलला. ते माइकच्या जवळ सरकले आणि सावकाश बोलायला लागले. त्यांनी जे सांगितलं ते असं होतं: या वजनात मी ज्यांच्याशी खेळलो त्यांतला सगळ्यात चांगला होता मालवण. गोदीचा. त्याचं खरं नाव मला कधीच कळलं नाही, आम्ही त्याला मालवण म्हणायचो. फायनलचा निकाल पंचांनी मला दिला. मी तो घेतला. मी आजवर हे कुठं बोललो नाही. त्या दिवशी मालवण जिंकला होता. तो इथं कुठं असेल, तर मला त्याचा हात हातात घ्यायचा आहे.

मी मागं बघितलं. बाबांना बोलायचं इंग्रजी येत नव्हतं, पण गोदीचं आणि रिंगचं येत होतं. डॉक, फायनल, डिसिजन, मालवण. त्यांचे हात खिशातून बाहेर आले होते. ते अर्धे उठले होते. पूर्ण नाही, अर्धे. गुडघे वाकलेले, एक काळा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, आणि नजर माझ्याकडे. मी मराठी केलं की ते उठणार होते.

सभागृहात अजून कुणीतरी घूं-घूं करत होतं. पहिल्या रांगेत माझ्या मैत्रिणी होत्या. मला सुपरवायझर आठवला.

मी माइकमध्ये म्हटलं, "पाहुणे म्हणतात, मालवणबद्दल त्यांच्या मनात फार आदर आहे. मालवण जिंकलं."

टाळ्या. केवढ्या टाळ्या! गावाचं नाव घेतल्यावर पडतात तशा, शिट्ट्यांसकट. इंग्रजीचे सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पाहुणे हसऱ्या डोळ्यांनी सभागृह शोधत होते, की एवढ्या टाळ्या पडल्या, तर आता तो पुढं येणार.

बाबा खाली बसले. हात परत खिशात गेले.

कार्यक्रमानंतर प्राचार्यांच्या खोलीत चहा होता आणि कप द्यायचं काम माझ्याकडे. पाहुण्यांनी कप घेतला आणि मला म्हणाले, तू सांगितलंस ना त्यांना? मी मान डोलावली. ते म्हणाले, टाळ्या एवढ्या पडल्या, पण कोणी उठलं नाही. म्हणजे तो इथं नसावा. किंवा आता हयातच नसेल. मी इंग्रजीत म्हटलं, असेल. ते म्हणाले, फार सभ्य खेळाडू होता.

मी इंग्रजीत पहिली आलेली मुलगी. त्या वेळी मला एवढंच इंग्रजी सुचलं.

पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला आम्ही बाहेर पडलो. व्हरांड्यात सूचनाफलकापाशी बाबा उभे होते. पाहुण्यांपासून चार हातांवर. त्यांनी आधी पाहुण्यांकडे बघितलं, मग पाहुण्यांच्या शेजारी मला बघितलं, माझ्या मैत्रिणींना बघितलं, आणि वळून फलक वाचायला लागले. फलकावर वार्षिक परीक्षेच्या फॉर्मची तारीख होती. पाहुणे त्यांच्या पाठीमागून गेले. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत बाबा ती तारीख वाचत होते.

परत येताना आम्ही एकाच बसमध्ये होतो. ते पुढं, मी मागं. कट्ट्याला उतरून घराची वाट धरली तेव्हा बरोबर चालायला लागलो. पाऊण वाट सरली.

मग बाबा म्हणाले, "तुझा एक अक्षर चुकला."

मी म्हटलं, "वेळ नव्हतो."

"व्हय," म्हणाले. "तीन मिन्टां कमीच पडतत."

एक फेरी तीन मिनिटांची असते. मला ते माहीत होतं.

अक्षर कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही. गाव असेल तर मालवण जिंकलं. माणूस असेल तर मालवण जिंकला. इंग्रजीत फरक पडत नाही. मी तो फरक कळून-सवरून केला होता, आणि सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या बापानं तो शेवटच्या रांगेतून पकडला होता.

पण माझी खरी करणी पुढंच होती. सभागृहातली कॉमर्सची पोरं कट्ट्याची होती. बाबा बॉक्सर होते हे कट्ट्याला अर्धवट माहीत होतंच. आठवड्याभरात कारखान्यात बाबांचं नाव पडलं, माशी. आणि माशी म्हणजे बाईमाणूस. म्हणून हाक मारताना 'रे' नाही, 'गो'.

मी पहिल्यांदा ते ऐकलं ते बसच्या स्टॉपवरून. मुकादम ओरडत होता, "गो माशये, ह्या पोता उचल गो! पंखां खंय ठेवलंस?" सगळे हसले. बाबाही हसले. त्यांनी दोन्ही हात पंखांसारखे हलवून दाखवले आणि पोतं उचललं. ते करून दाखवण्यात चांगले होते, तारवट्यासारखंच.

"गो माशये, लग्नाक येतलंस मा?" "गो माशये, गुळाक बसा नको!" दीड वर्ष हे रोज. मी दिलेला शब्द. माझ्या शब्दकोशातला. आईनं एकदाच मला विचारलं, "ह्या नाव कोणी काढल्यान गो?" मी म्हटलं, "काय म्हायत." आई बिया फोडणारी बाई, साल कुठं चिरते हे तिला हाताला कळायचं.

इंग्रजीच्या सरांनीही विचारलं होतं, "वाक्य का बदललंस?" मी म्हटलं, "नीट ऐकू आलं नाही, सर." म्हणजे एकाच वाक्यासाठी मी तीन माणसांशी खोटं बोलले. पाहुणे, सर, आई, आणि अख्खं सभागृह धरलं तर किती, ते जाऊ दे. बाबांशी बोलायची वेळ आली नाही. त्यांनी विचारलंच नाही.

बी.ए.चा निकाल लागला तो जूनमध्ये. त्याच फलकावर. माझा नंबर सापडला, सेकंड क्लास. मैत्रिणी पेढे आणायला निघाल्या, म्हणाल्या, "वडिलांना मुंबईला तार कर." मी म्हटलं, "वडील कट्ट्याला असतात. काजूच्या कारखान्यात पोती उचलतात. त्या दिवशी बसकडे बघून हात करत होते ना, ते." एवढं बोलून मी निघाले. त्यांचे चेहरे बघायला थांबले नाही. धीर नव्हता म्हणा.

बसमधून उतरून घरी न जाता सरळ कारखान्यात गेले. बुधवार नव्हता, पण काट्यावर काम चालू होतं. मुकादमानं लांबूनच बघितलं.

"गो माशये! तुझा चेडू इला बघ!"

बाबांनी पोतं खाली ठेवलं. "पास?"

"सेकंड क्लास."

"म्हंजे?"

मुकादम म्हणाला, "म्हंजे दुसरो नंबर गो."

बाबा हसले. खरे हसले. "बरा झाला. माझोय दुसरोच होतो."

मी काही ठरवून गेले नव्हते. पण ते ऐकल्यावर माझ्या तोंडून निघालं, "तुमचो दुसरो नव्हतो."

बाबा म्हणाले, "बाय, जावंदे."

मी जाऊ दिलं नाही. फोडणीच्या शेडमधून आई आणि चार-पाच बायका दारात आल्या होत्या. काट्यापाशी हमाल होते. सगळी मिळून दहा-बारा माणसं. मी मालवणीत सांगितलं, कारण इथं दुसरी भाषा कुणाला हवी होती? "दीड वर्सापूर्वी कॉलेजात पावणो इल्लो. तो रेल्वेवालो. मी त्येचा बोलणा मराठीत करी होतंय. तो म्हणालो, निकाल माका दिल्यानी, पण जिंकलो मालवण. गाव न्हय. ह्यो माणूस. मालवण जिंकलो. त्येका ह्येंचो हात हातात घेवचो होतो. बाबा थंय होते. मी मुद्दाम उलटा सांगलंय. आणि माशी ह्यो शब्दय माझोच."

मुकादमानं विचारलं, "मग तेव्हा कित्याक नाय सांगलंस?"

"लाज वाटली."

"कसली?"

मी बाबांच्या हातांकडे बघितलं. मग आईच्या. दारातल्या सगळ्या बायकांचे हात तसेच होते. "तुमची," मी म्हटलं. "सगळ्यांचीच."

एक म्हातारी बाई बियांची टोपली कमरेला घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आणि आता?"

"आता माझीच वाटता."

"वाटाकच व्हयी," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

मुकादम बाबांकडे वळला. "खरा काय रे ह्या?"

त्यानं 'रे' म्हटलं. ते माझ्या कानांनी लगेच टिपलं.

बाबांनी पोत्याचे कान धरले. "माका काय म्हायत? मी खालसून बघूक नव्हतंय, मी वर होतंय." पोतं काट्यावर चढवलं. "निकाल तो निकाल. चल, पोती रवली हत."

त्यानंतर त्यांना कोणी 'गो' म्हटलं नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. दोघे-तिघे म्हणत राहिले. सवय लागली होती.

त्याच आठवड्यात मी बांद्याच्या पत्त्यावर पाहुण्यांना पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं आणि मालवणचं खरं नाव आणि घरचा पत्ता कळवला. उत्तर त्यांच्या मुलीचं आलं, इंग्रजीत. वडील मागच्या वर्षी वारले, असं लिहिलं होतं. बाबांनी विचारलं, "काय लिवल्यान?" मी पायरीवर बसून ते पत्र वाक्यावाक्याला मराठीत वाचून दाखवलं, एकही अक्षर न बदलता. शेवटी लिहिलं होतं, वडील घरी नेहमी सांगत, की मालवणात त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. आपल्या माणसाला विसरले नव्हते ते लोक, असं म्हणत.

बाबा ऐकत होते. हात मांडीवर, रेल्वेवाल्याची गोष्ट सांगताना असायचे तसे.

"टाळयो पडल्यो खऱ्यो," म्हणाले.

त्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. पुढच्या वर्षी मला शाळेत नोकरी लागली आणि त्या मेमध्ये घराच्या भिंती चिऱ्याच्या झाल्या, वरपर्यंत. ते वाक्य मी बरोबर म्हटलं, दीड वर्ष उशिरा, काजूच्या काट्यापाशी, दहा-बारा माणसांसमोर. जिथं म्हणायला हवं होतं तिथं म्हटलं नाही.